कारेगावचे गव्हले आणि कोरेगाव पार्कातला पास्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कारेगाव आणि कोरेगाव पार्क या दोन नावांत एका मात्रेचा आणि एका इंग्रजी शब्दाचा फरक आहे. नगर रस्त्यानं एस.टी.त बसलात तर अंतर पन्नासेक किलोमीटर. पण एका ठिकाणची भूक दुसऱ्या ठिकाणी नेऊन बसवायला किती काळ लागतो, हे आज बोलायचं आहे.

आमचं कारेगाव रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारचं. शिरूरला, म्हणजे आमच्या घोडनदीला, जायचं तर याच रस्त्यानं. माझ्या लहानपणी इथं ज्वारी, बाजरी, हुलगा आणि पावसाची वाट एवढंच पीक होतं. मग १९९०च्या दशकात एमआयडीसी आली, आणि तिच्याबरोबर फियाट हा इटलीतला मोटारीचा कारखाना आला. त्यामुळे इटली आम्हाला अगदीच परकी नाही, असं मी गमतीनं म्हणतो. कारखान्याची पाळी सुटली की इटलीच्या गेटातून निघालेली पोरं आमच्या गावात भाजी घ्यायला येतात.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला बढती मिळाली. "मामू, आज इटालियन खायचं," म्हणून तो मला कोरेगाव पार्कात घेऊन गेला. मंद दिवे, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, आणि पुस्तकासारखं जाडजूड कार्ड. किंमत वाचून मी भाच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "मामू, उजवीकडचा कॉलम वाचायचा नाही." कवीला तशी सवय असतेच म्हणा. आमच्यासारख्यांना असल्या ठिकाणी एक काम जादा असतं. कशात डुकराचं मांस आहे, कशात वाइन घातली आहे, हे विचारून घ्यावं लागतं. वेटरचं काम करणाऱ्या मुलानं न कंटाळता सगळं सांगितलं, तेही इंग्रजीतून. मी मराठीत आभार मानले तेव्हा तोही मराठीत आला. बीडकडचा निघाला.

कार्डावरची चार नावं माझ्या डोक्यात राहिली. हातानं वळलेला पास्ता. मक्याच्या जाडसर पिठाचं पोलेंता, म्हणजे आपल्या कण्याच. रिसोत्तो, म्हणजे इंद्रायणी तांदळाचा आसट भात म्हणा. आणि टोमॅटोच्या चटणीतल्या लांब शेवया. चारही पदार्थ गरिबाघरचे. मग ते या गालिच्यावर आले कसे?

आधी शेवयांचं बघू. पास्ता मार्को पोलोनं चीनहून इटलीत नेला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती खरी नाही. मार्को पोलो परतला १२९५ साली. त्याच्या आधी, १२७९ मध्ये, जिनोव्हातल्या एका नोटरीनं केलेल्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीनं भरलेल्या एका पिंपाची नोंद आहे. मागं ठेवायच्या इस्टेटीत शेवयांचं पिंप, म्हणजे बघा किती मोलाचं असेल! त्याहून जुना पुरावा ११५४ सालचा. सिसिलीवर तेव्हा रॉजर दुसरा या ख्रिस्ती राजाचं राज्य होतं, आणि त्याच्या दरबारात अल-इद्रिसी हा मुसलमान भूगोलकार होता. राजासाठी त्यानं जगाचं वर्णन लिहिलं. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाबद्दल तो सांगतो, की इथं वाहतं पाणी आहे, गिरण्या आहेत, आणि इथं 'इत्रिया' इतकी बनते की जहाजं भरभरून ती मुसलमानांच्या आणि ख्रिस्त्यांच्या मुलखांत जाते. इत्रिया म्हणजे वाळवलेल्या शेवया. हा अरबी शब्द दक्षिण इटलीत अजून जिवंत आहे. तिथं हरभरे आणि पास्ता घालून एक पदार्थ करतात, त्याचं नावच 'सिचेरी ए त्रिया', हरभरे आणि त्रिया. हरभरा आणि गहू. शिरूर तालुक्यातल्या माणसाला यात नवल वाटायचं काही कारण नाही.

वाळवण हा या सगळ्याचा जीव आहे. ओली कणीक दुसऱ्या दिवशी आंबते. वाळवलेली शेवई वर्षभर टिकते, जहाजावर टिकते, दुष्काळात टिकते. त्यासाठी गहू मात्र कडक, चिवट लागतो. इटलीत तो ड्युरम गहू. आपल्याकडं जिरायती रानातला बन्सी गहू हा त्याच जातीचा, म्हणून तर रव्याला आणि शेवयांना बायका बन्सीच मागायच्या. आणि आपला खपली गहू म्हणजे इटलीत ज्याला 'फार्रो' म्हणतात आणि हल्ली सूप-सॅलडमध्ये घालून महाग विकतात, तो. पुण्याची आघारकर संशोधन संस्था या दोन्ही प्रकारच्या गव्हांवर गेली कित्येक वर्षं काम करते आहे. बारामतीजवळ होळ इथं तिचं शेत आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी दिलेली 'एमएसीएस ४०२८' ही ड्युरमची जात कोरडवाहू शेतीसाठी आहे. ती सुमारे १०२ दिवसांत येते आणि तिच्यात प्रथिनं १४.७ टक्के आहेत. म्हणजे पास्त्याचा गहू आमच्या पावसात पिकू शकतो. तो परदेशातूनच यावा लागतो असं नाही.

माझी दादी उन्हाळ्यात शेवया करायची. गहू ओलवायचा, दळायचा, वस्त्रगाळ करून सपीट काढायचं, कणीक तिंबून तिंबून हात भरून येईपर्यंत मळायची. मग शेवयांचा पाट तिरका लावून त्यावरून तळव्यानं दोरा काढायचा. शेजारची पाटलीणकाकी मदतीला यायची, आणि तिच्या घरी लग्न निघालं की दादी तिच्या ओट्यावर जायची. ईदच्या शीरखुर्म्याच्या शेवया आणि रुखवतातले गव्हले एकाच कणकेचे असायचे.

रुखवत हा शब्द आला म्हणून थोडं थांबतो. गव्हले, नखुल्या, मालत्या, बोटवे, फणोल्या ही नावं आजच्या मुलींना सांगितली तर त्यांना ती कुठल्या तरी जुन्या दागिन्यांची वाटतील. हे सगळे कणकेचे वळलेले प्रकार. खिरीला वापरायचे आणि लग्नात मांडायचे. गव्हले म्हणजे दोन बोटांत वळलेले गव्हाच्या दाण्याएवढे कण. इटलीत अगदी अशाच पास्त्याला 'ओर्झो' म्हणतात. ओर्झो म्हणजे जव. त्यांनी जवाचं नाव दिलं, आपण गव्हाचं. नखुल्या नखानं दाबून करायच्या. दक्षिण इटलीतल्या बारी शहरात बायका अंगठ्यानं दाबून 'ओरेक्किएत्ते' करतात, म्हणजे छोटे कान. जुन्या शहराच्या एका बोळात दारापुढं टेबल मांडून त्या अजूनही करत बसतात आणि जगभरचे प्रवासी फोटो काढतात. फणोल्यांसाठी कोरी फणी लागायची. तिच्या दातांवर कणीक दाबली की रेघा उमटतात. इटलीच्या रोमान्या भागात 'गार्गानेल्ली' नावाचा पास्ता असाच रेघारेघांच्या फणीवर वळतात, आणि ती फणी मूळची मागावरची. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. घरात गहू थोडा, सण मोठा, आणि हात मोकळे नसले तरी मोकळे काढायचे. या तीन गोष्टींतून दोन्हीकडं एकच हुन्नर जन्माला आला, असं मला वाटतं.

कार्डावर त्या दिवशी 'हातानं वळलेला' हे शब्द मुद्दाम लिहिलेले होते, कारण त्याचे पैसे जास्त. दादीच्या हाताला कुणी कधी पैसे दिले नाहीत. बारीच्या आजीलाही पिढ्यान् पिढ्या कुणी दिले नसणार.

रोमान्याचं नाव घेतलं, तर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हे आमच्याकडच्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही. या रोमान्यातून सेनिओ नावाची नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण ही नदी ओलांडत होती. समोर जर्मन मशीनगन. कंपनीचा धावपट्टू, म्हणजे निरोप्या, होते नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. दोन जखमी साथीदारांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे आणलं, मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या, आणि मग बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढं बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात रायगडमधल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथंच पडले. वय बावीस. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, पण मरणोत्तर. तिथल्या मोंतोने गावानं २०२३च्या जुलैमध्ये त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं.

म्हणजे इटलीच्या मातीत मोठ्या संख्येनं पाय ठेवणारे पहिले मराठी लोक हे पर्यटक नव्हते की शेफ नव्हते. जिरायती गावांतली शेतकऱ्यांची पोरं होती. त्यांच्या शिध्यात आटा आणि डाळ होती. आणि ज्या इटलीत ती उतरली, तिथला सामान्य माणूस तेव्हा रेशनवर आणि काळ्या बाजारावर जगत होता. १९४३च्या शरदात दोस्तांची फौज नेपल्समध्ये शिरली तेव्हा ते शहर उपाशी होतं. त्याच वर्षी इकडं बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती.

भुकेवरून पोलेंताची आठवण. मका अमेरिकेतून युरोपात गेला. टोमॅटोही तिकडचाच, आणि आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा. उत्तर इटलीत मका स्वस्त पिकू लागला तशी तिथल्या कुळांच्या ताटात सकाळ-संध्याकाळ पोलेंताच राहिली. गहू मालकाचा, मका कुळाचा. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा हा रोग झाला. अंगाची कातडी सोलते, जुलाब लागतात, शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. एकोणिसाव्या शतकात इटलीतली वेड्यांची इस्पितळं अशा शेतकऱ्यांनी भरली होती. आणि हा रोग दूरचा आहे असं समजू नका. दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो सापडला, आणि हैदराबादच्या डॉ. गोपालन यांनी १९६०च्या सुमारास त्यावर केलेलं संशोधन जगभर वाचलं गेलं. माझी आई १९७२च्या दुष्काळाबद्दल बोलायची तेव्हा दोन शब्द हमखास यायचे, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी. सुकडी म्हणजे खडी फोडायच्या कामावर मिळणारा खाऊ. या दोन शब्दांपुढं ती गप्प व्हायची. कोरेगाव पार्कातल्या कार्डावर पोलेंता हा शब्द वाचताना मला म्हणूनच जरा वेळ लागला. उद्या मिलोची खीर चांदीच्या वाटीत आली तर आई काय म्हणाली असती?

मग हे महाग झालं कसं? इटलीत आणि अमेरिकेत त्याची वाट सरळ आहे. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांवर इटालियन माणसं अमेरिकेला गेली, बहुतेक दक्षिणेतली, भुकेमुळं गेलेली. एकेका खोलीत दहा-दहा पुरुष, आणि एखादी बाई त्यांना रांधून घालणार. हे वर्णन ऐकून तुम्हाला गिरणगाव आठवलं असेल, तर ते बरोबरच आहे. लालबाग-परळच्या खाणावळीही अशाच होत्या. कोकण-घाटावरून आलेले गिरणी कामगार, आणि त्यांचे डबे करणारी बाई, जिची मोजदाद कामगारांत कधी झाली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठं या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. न्यूयॉर्कमधल्या तसल्या जेवणघरांतून पुढं इटालियन हॉटेलं निघाली, गिऱ्हाईक बदललं, मेणबत्त्या आल्या. आपल्या खाणावळीच्या वाट्याला मात्र मेणबत्त्या फारशा आल्या नाहीत.

आपल्या देशात इटालियन माणूस आला तो निराळ्या दारानं, साहेबाच्या. पीडमाँटमधला फेदेरिको पेलिती १८६९ साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा मिठाईवाला म्हणून आला. १८७२ मध्ये अंदमानात मेयोचा खून झाला, आणि पेलितीनं स्वतःचा धंदा उभा केला. कलकत्त्यातलं आणि सिमल्यातलं त्याचं उपाहारगृह गोऱ्या समाजाचा अड्डा होतं. मुंबईत फोर्टमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माँजिनी नावाच्या दोन इटालियन भावांचं केटरिंग होतं, तेही प्रामुख्यानं युरोपियनांसाठी. या मंडळींची ख्याती केक, चॉकलेट आणि मेजवान्यांची. पोलेंता ते साहेबाला कशाला वाढतील? पुढं माँजिनींचा धंदा खोराकीवाला या बोहरी कुटुंबानं घेतला, आणि आज तालुक्याच्या गावात पोराच्या वाढदिवसाला 'मोंजिनीज'चा केक आणतात तेव्हा हे नाव इटालियन आहे हे कुणाच्या गावीही नसतं. मला ही घटना फार आवडते. साहेबाच्या टेबलावरचं नाव तीन पिढ्यांत घोडनदीच्या पोरांच्या तोंडात आलं.

आपल्या बाजूनंही दार काही उघडं नव्हतं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं दिली गेली. निमंत्रितांत टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशींनी ती नावं वर्तमानपत्रात फोडली आणि शहरात दोन वर्षं गोंधळ चालला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहाचं हे मोल! आणि ज्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, त्यांच्यासाठी खेड्यातल्या हॉटेलात कपबशी वेगळी, बाहेरच्या वळचणीला ठेवलेली. ती पुढं कितीतरी वर्षं तिथंच होती. कुणाशेजारी बसून जेवायचं हा प्रश्न आपल्याकडं काय जेवायचं याच्या आधी येतो. कोरेगाव पार्कातल्या टेबलावर माझ्या शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारलं नाही. ही लहान गोष्ट नाही. तिथं फक्त बिल विचारतात. मात्र ते बिल कंत्राटी कामगाराच्या कितीतरी दिवसांच्या पगाराएवढं होतं, तेव्हा दार अजून पूर्ण उघडलेलं नाही.

आता पुन्हा रांजणगावला येऊ. फियाट हे नाव महाराष्ट्राला मोटारीमुळं माहीत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट पुढं 'पद्मिनी' झाली, मुंबईची काळी-पिवळी झाली, आणि २०२३च्या ऑक्टोबरात तिला शेवटचा निरोप दिला गेला. रांजणगावातून पुंटो आणि लिनिया निघाल्या, २०१९च्या सुमारास त्याही थांबल्या. २०१७ पासून तिथं जीप बनते. इकडं बारामतीला पियाजोची तीनचाकी आणि फेरेरोची चॉकलेटं. इटलीचं निम्मं उद्योगविश्व आमच्या जिल्ह्यात आहे म्हणा ना. आणि त्या महाग ताटाचं सामानही इथलंच भरतं. टोमॅटोचा मोठा बाजार नारायणगावचा. चीजचा मोठा कारखाना मंचरचा. तुळस तेवढी वेगळ्या वासाची लागते, पण तीही हल्ली पॉलिहाऊसमध्ये होते. ताटाचा बराचसा भाग शिरूर-आंबेगाव-जुन्नरच्या रानातून उठून कोरेगाव पार्कात जातो आणि इटालियन नाव घेऊन बसतो.

पास्ता शिजवताना आत जराशी कणी ठेवायची, हा इटलीचा नियम. 'अल देंते' म्हणतात, दाताला लागेल असं. आपल्याकडं भातात कणी राहिली तर सुनेला बोलणी बसायची. त्या रात्री भाच्यानं पहिला घास घेतला आणि हळूच म्हणाला, "मामू, कच्चं आहे." मी त्याला म्हटलं, पैसे कच्च्याचेच घेतलेत त्यांनी, खा.

कारेगावात आता घरटी नाही तरी गल्लीटी एक मेस आहे. बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ, कुठकुठली पोरं खोल्या घेऊन राहतात. एका खोलीत पाच-सहा. त्यांना रांधून घालणाऱ्या बहुतेक बायका, काही इथल्याच, काही नवऱ्याच्या मागं आलेल्या. आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या वहिनींनी मध्यंतरी पोरांच्या आग्रहाखातर रविवारी पास्ता सुरू केला. कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, वर आपला काळा मसाला. शिजवतात चांगला मऊ. पोरं तो ताटात घेतात आणि चपातीबरोबर खातात. पहिल्या रविवारी संपला, तेव्हा दुसऱ्या रविवारी वहिनींनी पातेलं मोठं लावलं.